पंप घरी ठेवून ढाणकीच्या तलावावर

नामदेवभाऊंचा फोन आला तेव्हा मी एका फवारणी पंपाच्या नोझलचं भोक तपासत होतो. नेरला माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. नामदेवभाऊ ढाणकीच्या पुढच्या एका पाझर तलावावरच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. तरुणपणी एक हंगाम मी ढाणकीला काम केलं, तेव्हापासूनची ओळख.

"मिस्त्री, मोठा पंप घेऊन या. तलाव फवाराचा हाय."

"तलाव? कायले?"

"माशाले उवा झाल्या. बुधवारी मीटिंग हाय, त्यात ठरलं की लगेच औषध टाकतो."

आमच्या जिल्ह्यात कापसाच्या त्या वाईट वर्षांत औषध म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. लोक पंप दुरुस्तीला आणायचे तेव्हा फवारणीच्या विषानं त्यांचे डोळे लाल असायचे, हात थरथरायचे. मी म्हटलं, "येतो." पंप मात्र घेतला नाही. नोझल बघायचं भिंग, पोलादी पट्टी आणि वही घेतली.

मंगळवार

नेरहून दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा एसटीचा रस्ता. जाणाऱ्यांसाठी सूचना: सकाळी निघत असाल तर उजव्या बाजूला बसा. गाडी दक्षिणेला जाते, ऊन सगळं डावीकडून येतं. बस बदलायला कंटाळू नका, थेट गाडीची वाट बघण्यात जास्त वेळ जातो. दिग्रसच्या स्टँडबाहेर तर्री घातलेला आलूबोंडा खाल्ला, वीस रुपये प्लेट. तर्री अशी की पुसद येईपर्यंत कान गरम होते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या. वेचणी संपलेली, पण बोंडअळीनं खाल्लेली बोंडं तशीच लटकलेली. पुसदजवळ डोंगर आले तेव्हा डोळ्यांना जरा हिरवं मिळालं.

ढाणकीला नामदेवभाऊ मोटरसायकल घेऊन उभे होते. माझ्या हातातली पिशवी बघून त्यांचा चेहरा पडला.

"पंप कुठी हाय?"

"आधी ऊ बघतो. मग पंपाचं बोलू."

"डॉक्टर झाले काय हो मिस्त्री?"

तलाव मोठा नाही, पण देखणा आहे. पाळीवर सागाची झाडं, पलीकडे तुरीची कापलेली शेतं, काठावर पाणी पिणारी गावची गुरं. काठावरच्या टिनाच्या शेडमध्ये पल्लवी मॅडम भेटल्या. त्या मत्स्य महाविद्यालयात संशोधन करतात आणि दोन महिन्यांपासून इथेच मुक्कामी आहेत. त्यांनी एक रोहू पालथा केला. परांच्या मुळाशी मसुराच्या डाळीएवढी, चपटी, काचेसारखी आरपार दिसणारी ऊ चिकटली होती. भिंगातून पाहिलं तर तोंडाशी दोन गोल वाट्या, चष्मा लावल्यासारख्या. त्यांनी धरून ठेवायचं आणि सोंडेनं रक्त प्यायचं. बाहेरून आणलेल्या बोटुकलीबरोबर, म्हणजे माशांच्या बोटभर पिल्लांबरोबर, ही पाहुणी आली. मासा शिजवला की ऊ काही करत नाही, पण डाग पडलेल्या माशाला बाजारात कुणी हात लावत नाही. म्हणून संस्थेनं दोन महिने मासेमारीच बंद ठेवली होती.

मॅडम म्हणाल्या, "अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत एक मासाच असा आहे. वाम माशासारखा लांबट, जबडा नाही, नुसतं गोल तोंड. दुसऱ्या माशांना चिकटून रक्त पितो. समुद्राकडून आत शिरला आणि मासेमारी बुडवली. त्याला सगळ्या सरोवरात शोधत बसणं अशक्य. तो अंडी घालायला ज्या ओढ्यांत जातो, तिथे त्याला अडवतात."

"आणि ही ऊ कुठे जाते?"

"मासा सोडून कडक, सावलीतल्या जागेवर अंडी चिकटवते. म्हणून मी पाण्यात फळ्या टांगल्यात. आठवड्याला काढायच्या, उन्हात वाळवायच्या. अंडी मरतात. पण फळ्यांवर अंडी फारशी येत नाहीत, आणि माशांवरच्या उवा कमी होत नाहीत."

बुधवार

सकाळी फळ्या काढल्या. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून दोघं जण दोर ओढत होते. मी पट्टी लावून मोजलं. एकूण आठ फळ्या, त्यातल्या दोनच फळ्यांवर अंड्यांच्या ओळी. मी मॅडमना सांगितलं, फळी रंधा मारलेली आहे, गुळगुळीत, खडबडीत पाहिजे. नोझलमध्येसुद्धा कचरा खरखरीत जागीच धरतो, वगैरे बरंच बोललो. मॅडमनी शांतपणे आठवी फळी उलटली. ती करवतीतून आली तशी खरखरीत होती आणि कोरी होती. मी वही मिटली.

नामदेवभाऊंची बायको वच्छलावहिनी काळा चहा घेऊन आल्या. बाजारात मासे त्याच विकतात.

"मिस्त्री, दुपारच्या मीटिंगमंदी औषधच ठरन. माह्या भावाचा एक डोळा गेला फवाऱ्यानं. हे ढोरं कुठी पाणी पेतीन? याइले सांगाले गेलं तं म्हणते, तू भाकरी कर."

"असं कधी म्हटलं मी?" नामदेवभाऊ.

"काल म्हटलं. परवाबी म्हटलं."

मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "भाऊ, ट्यूबवर काहून जाता? तुमच्या लाकडी नावा, ते डोंगे, कुठे गेले?"

"बुडवून ठेवले ना. काम नसलं की डोंगा पाण्यातच ठेवा लागते. उन्हात वाळला की फाटते." त्यांनी घाटाशेजारी बोट दाखवलं. हिरव्या पाण्याखाली चार डोंगे, पोटात दगड भरून, दोन महिन्यांपासून निवांत पडलेले.

मॅडम आणि मी एकमेकांकडे बघितलं. कडक लाकूड, उथळ पाणी, सावली.

एक डोंगा वर काढायला सहा माणसं लागली. दगड काढले, तेलाच्या डब्यानं पाणी उपसलं, पालथा केला. मी सवयीनं आधी सांध्यावरून बोट फिरवलं. रव्यासारखं खरखरीत लागलं. भिंग लावलं. बुडापासून काठापर्यंत ओळीच ओळी, कुणी मशीननं शिलाई मारावी तशा. मी पट्टीएवढ्या जागेतली अंडी मोजायला घेतली आणि दोनदा चुकलो.

"अन मी तं शेवाळ समजत होते, बाई!" वच्छलावहिनींनी कपाळाला हात लावला.

मॅडम आधी हसल्या, मग डोंग्याशेजारी खाली बसल्या. "दोन महिने मी याच घाटावर उभी राहून फळ्या मोजतेय," त्या म्हणाल्या.

नामदेवभाऊंचा प्रश्न मात्र खरा होता. "वाळवलं तं डोंगे फाटतीन. मंग कायनं मासे धरू?"

इथे मात्र मिस्त्रीपण कामाला आलं. गळकी टाकी बुजवण्यात माझी हयात गेली आहे. मी म्हटलं, फाटू द्या सांधे. भेगेत कापूस ठासा, वरून गरम डांबर. चांगला कापूस वाया घालवायचा नाही, कवडी चालेल. कवडी म्हणजे अळीनं खाल्लेला पिवळट कापूस, व्यापारी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तो गावात प्रत्येक घरी पडून होता.

मीटिंग शेडमध्येच झाली. एक जण म्हणाला, औषध टाका, भानगड मिटवा. दुसरा म्हणाला, पंपवाल्यालाच पंप नको, म्हणजे काहीतरी असेल. हशा झाला. मग वच्छलावहिनी उभ्या राहिल्या. "दोन डोंगे वाळवा, दोन वापरा. मंग अदलाबदल. एक महिना. नाही जमलं तं मीच औषधाचा डबा आणून देते." हात वर झाले. नामदेवभाऊंनी सगळ्यात शेवटी केला, पण केला.

घरी

निघताना वहिनींनी रोहूचं कालवण आणि भाकरी बांधून दिली. डब्याचं फडकं दोनदा बांधा, तर्रीपेक्षा हे जास्त गळतं.

दुकानात येऊन मी नेहमीचे पंप उघडत होतो, पण बोटांना ती रव्यासारखी खरखर लागतच राहिली. दोन महिने चांगली शिकलेली बाई आणि जन्मभर पाण्यावर असलेली माणसं त्या डोंग्यांवरून रोज गेली. मीसुद्धा आधी अर्धा तास फळीवर भाषण दिलं होतं. डोंग्यांचं विचारलं ते केवळ नवरा-बायकोचं भांडण टाळायला. हे इथे लिहून ठेवतो, कारण नेरमध्ये मी ही गोष्ट जरा वेगळी सांगतो.

महिना झाला आणि नामदेवभाऊंचा फोन आला.

"मिस्त्री, आज दहा मासे पालथे केले. सहा साफ. चारावर एकेक-दोनदोन हाय."

"म्हणजे अजून आहेत."

"हाय ना. पण जाळं टाकलं आज. वच्छला बाजारात गेली." मग म्हणाले, "पंप घेऊन या."

"कायले?"

"डोंगे धुवाले. खरडूनबी अंडे निघत नाही नीट. पाळीच्या पल्याड, दूर धुतो, तलावात थेंब नाही जात. नुसतं पाणी मारा लागते, औषध नाही."

मी कपाटावरून नवा पंप खाली काढला, टाकीत कधीच औषध न पडलेला. तरी तीनदा धुतला. उद्या सकाळची दारव्हा गाडी. उजव्या बाजूला बसेन.