मशिदीतली लोखंडी खाट

आमचा स्कूटर मिस्त्री कुठलीही वस्तू आधी हलवून बघतो. "गाडीपेक्षा तुम्हीच जास्त खडखडून राहिले, भाऊ," असं मला ऐकवतो. पुण्याच्या मित्रांना नागपूरची जुनी मशीद दाखवायची होती आणि माझं ज्ञान कमानींपाशीच संपतं, म्हणून तिथं नेहमी नमाजाला जाणाऱ्या त्यालाच सोबत येतोस का विचारलं. एरवी टाळणारा हा लगेच निघाला.

आत कोपऱ्यात जनाज्याची, म्हणजे मयत कब्रस्तानात न्यायची, लोखंडी खाट होती. त्यानं ती हलवली, खिशातून पाना काढला आणि सैल पायाचा नट आवळू लागला.

"अहो, इथं तरी सुट्टी घ्या!" एक मित्र हसला.

"अम्मीले डॉक्टरनं घरी न्या म्हटलं," मिस्त्री मान खाली घालूनच म्हणाला. "तिले खडखड सहन नाही होत."

मी वाकून खाट धरून ठेवली.