बाळंतपणाला गेली आणि मत गेलं

माझ्या वहिनीचं मत गेल्या विधानसभेच्या मतदानादिवशी सकाळी, आमच्या गावच्या शाळेत काढून घेतलं गेलं. कुणी गुंड आला नव्हता. टेबलामागं घाम पुसत बसलेल्या एका साध्या माणसानं यादीवर बोट फिरवलं आणि सांगितलं, तुमचं नाव कमी केलंय, बाजूला व्हा.

मी तिच्या मागंच उभी होते. आठवडाभर मी गावात पत्रकं वाटत, मत द्यायला चला म्हणून दारं ठोठावत फिरले होते आणि माझ्याच घरातली बाई माझ्यासमोर बाजूला होत होती. तिच्या कडेवर पोरगी. ओळखपत्रावर फोटो तिचा, पत्ता आमच्या घराचा. ते कार्ड ती पुन्हा पुन्हा पुढं करत होती. तेवढ्यात बाकावर बसलेला एका पक्षाचा पोलिंग एजंट म्हणाला, "आक्का, तुमचं मत तिकडं गेलंय. तिकडंच जावा की घालायला." रांगेतले चारजण हसले. दारावरचा पोलीस उगाच दोन पावलं पुढं आला. वहिनीनं पोरगीला घट्ट धरलं आणि ती जी घराकडं निघाली, ते मागं वळून बघितलंच नाही.

तिकडं म्हणजे महाराष्ट्रात. वहिनीचं माहेर कागलजवळ. आमचं गाव कर्नाटकात, निपाणीजवळ; निपाणीहून कागल बसनं फार लांब नाही. मधे टोलनाका लागतो आणि राज्य बदलतं. आमच्या गल्लीत तिकडच्या सुना घरोघर सापडतील आणि आमच्या लेकीही तिकडं दिलेल्या आहेत. माझा भाऊ, तिचा नवरा, रोज मोटारसायकलवरून कागलला कारखान्यात कामाला जातो. रोज राज्य ओलांडतो. त्याचं नाव यादीत शाबूत आहे. त्याला कुणी कधी विचारलं नाही, तू नक्की कुठला?

झालं होतं ते एवढंच. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडं रीत आहे. ओटी भरली की सून माहेरी जाते, बाळानं जरा बाळसं धरलं की परत येते. वहिनी तशीच गेली. त्याच दिवसांत मतदार यादीच्या पडताळणीला शेजारच्या गावच्या शाळेतल्या एक बाई घरोघर फिरत आल्या. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. घरात कोण कोण असतं, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की सून इथं नाही, कागलला आईकडं गेली आहे. परत कधी येणार? आता काय सांगावं, चार-पाच महिने तरी नाही.

दिवस गेलेत, हे आप्पांनी सांगितलं नाही. परक्या बाईसमोर सासऱ्यानं सुनेच्या बाळंतपणाचा विषय काढायचा नसतो. त्यातून पहिलटकरीण, दृष्ट लागेल म्हणून तर कुणीच बोलून दाखवत नाही. गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं हळूच खुणेनं सांगितलं असतं. पण बाईंना अजून बरीच घरं संपवायची होती. त्यांनी चहा संपवला आणि लिहिलं, कायमचं स्थलांतर, दुसऱ्या राज्यात.

नाव काढण्याआधी नोटीस द्यावी लागते. दिली होती म्हणे, पंचायतीच्या भिंतीवर चिकटवून. जिच्यासाठी चिकटवली ती तेव्हा कागलच्या दवाखान्यात कळा सोसत होती.

मतदान झाल्यावर मी वहिनीला ओढत कचेरीत नेलं. नाव परत घालायला पुरावे मागितले, ते तिनं दिले. त्यात पोरगीचा जन्मदाखलाही होता. कुठला कागद लागेल कळत नव्हतं म्हणून घरात होतं ते सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरून नेलं होतं. कचेरीतल्या माणसानं नेमका तोच उचलला आणि कागलचा शिक्का बघून म्हणाला, मूल महाराष्ट्रातलं, मग तुम्ही तिकडच्याच की. आवाज चढवला नाही. चेष्टाही केली नाही. त्याला ते खरंच वाटत होतं आणि मला भीती वाटली ती त्याचीच. मी भांडायला तोंड उघडलं, तोवर वहिनीनं दाखला त्याच्या हातातून काढून घेतला होता.

"वन्सं, चला," ती म्हणाली. "मताचं जाऊ दे. आता पोरगीच्या मागं लागतील."

तेव्हापासून ही भीती आमच्या घरात राहायला आली आहे. आज मत गेलं, उद्या रेशनकार्डावरून नाव जाईल, परवा पोरगीला शाळेत घेणार नाहीत, असं वहिनी भाकरी थापता थापता बोलते. मी कायदा सांगते. ती ऐकून घेते आणि दाराकडं बघते. कुणी कन्नडमध्ये हाक मारली की तिचा हात थांबतो. मग कळतं, तंबाखूचा व्यापारी आहे, आप्पांकडं आलाय. आप्पांचं बोलणं तर अर्ध्यावर आलं. खरं सांगून त्यांनी सुनेचं नुकसान केलं, असं त्यांनी मनात धरलंय. वीजबिलवाला आला तरी आधी माझ्या तोंडाकडं बघतात, सांगू का नको म्हणून.

आता याद्या पुन्हा तपासणार अशी बातमी आहे. कधी येतील, कोण येईल, काय विचारतील, कुणालाच माहीत नाही. आणि त्यातच वहिनीची आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. तिचा भाऊ फोन करतो, ये म्हणतो. वहिनी सांगते, पोरगीला सर्दी आहे. पुढच्या वेळी सांगते, ताप आहे. पोरगी अंगणात धडधाकट खेळत असते.

काल मी न राहवून म्हटलं, "वैनी, तू जा की. मी हाय हितं. कुणी आलं तर मी सांगते, आईला बघायला गेलीया, परत येणार हाय."

"आप्पांनी पण खरंच सांगितलं हुतं की, वन्सं."

माझंही लग्न सीमेपलीकडच्या गावात ठरत आलंय. उद्या माझं नाव कुठल्या यादीत असेल आणि मी बाळंतपणाला इथं आले की कोण काय लिहील, हा विचार मी दिवसभर बाजूला सारते आणि तो परत येतो.

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुमच्या खासदाराला गाठा आणि विचारा, जिचं नाव काढायचं तिला समोर बसवून, तिच्या भाषेत विचारल्याशिवाय ते काढता येणार नाही, असा कायदा तुम्ही कधी करणार? ओळखपत्र घेऊन आलेल्या बाईला परत न पाठवता तिचं मत कागदावर घेऊन पाकिटात बंद करून ठेवा, चौकशी मागाहून करा, हे कधी होणार? उत्तर लेखी मागा. आणि तपासणीवाले तुमच्या दारात आले की शेजारच्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर जा. तिथली सून घरात नसेल, तर ती परत येणार आहे हे त्यांना तुमच्यासमोर लिहायला लावा.