रूथमावशीच्या गाडीची चावी

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. संध्याकाळपर्यंत दम धरला तर मला ते नीट सांगता यायचं नाही. आत्ता रूथमावशीच्या गाडीतून उतरले आणि पळत येऊन लिहायलाच बसले. चावी फिरली! एका बोटानं! नुसती लावली आणि फिरली!

तुम्ही म्हणाल, गाडीची चावी फिरली, त्यात एवढं काय. बरोबर आहे, तुम्ही मावशीला पाहिलेलं नाही. मग आधी मावशीच सांगते.

रूथमावशी आमच्या शेजारची. माझी सख्खी मावशी नव्हे, अख्ख्या गल्लीची मावशी. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. रिटायर झाली आणि आमच्या पाथर्डीकडच्या गावात परत आली, एकटीच. येताना एक जुनी पांढरी गाडी घेऊन आली. रस्ता असा की बाहेरून गाडी बोलवावी तर पेशंटचा धीर सुटतो. त्यामुळे बाळंतपण अडलं, साप चावला, कुणाच्या छातीत दुखलं, की हाक एकच, "मावशी, गाडी काढा!"

पण गाडी काढणं म्हणजे एक सोहळाच असायचा. मावशी आधी डोळे मिटून प्रार्थना करणार, मागे पेशंट कण्हत असला तरी. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. आमच्या गल्लीतले लक्ष्मण आबा, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, पण आमेन सगळ्यांत मोठ्यानं त्यांचंच. एकदा मी हसले तर म्हणाले, "हसू नको. आमेन कमी पडलं की चावी अडती हिची."

चावी अडायचीच. त्याची कारणं दोन. एक म्हणजे आमची गल्ली उताराची. इथे हँडब्रेकवर कुणाचा भरवसा नाही. गाडी लावायची ती पुढचं चाक पूर्ण वळवून, दगडाला टेकवून. मग चावी काढली की स्टेअरिंग लॉक होतं आणि गाडीचा सगळा भार त्या लॉकवर येऊन बसतो. चावी फिरवायला गेलं की ढिम्म हलत नाही. दुसरं कारण म्हणजे चाव्यांचा जुडगा.

हा जुडगा बघण्यासारखा होता. दिवाळी झाली की आमची अर्धी गल्ली ऊसतोडीला जाते. कुणाची टोळी श्रीगोंद्याकडे, कुणाची संगमनेरकडे, कुणाची पार कर्नाटकात. घराला कुलूप लावायचं आणि चावी मावशीकडे द्यायची. मावशी ती गाडीच्या चावीच्याच कडीत ओवायची. लोखंडी कडी, तोंड तारेनं पक्कं आवळलेलं. नारळाएवढा तो जुडगा स्टेअरिंगखाली लोंबायचा आणि खड्डा आला की खळखळ वाजायचा. एकाही चावीवर नाव नाही. मी विचारलं तर म्हणाली, "नावं लिवून ठिऊ? मंजी चोरानं फकस्त पत्ता वाचायचा!" तिला हातानंच कळायचं, ही कुणाची, ती कुणाची.

पाथर्डीच्या फिटरनं तिला माझ्यादेखत बजावलं होतं. "मावशी, हे वजन लोंबून लोंबून कुलूप आतून झिजलंय. चावी बी झिजलीय. गाडीची चावी येगळी करा, न्हाईतर एक दिवस अडून बसंल."

"मग ह्या चाव्या कुठं ठिऊ?"

"घरात खिळ्याला अडकवा की!"

मावशीनं जुडगा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि गाडीत जाऊन बसली. घरी येऊन मी आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "तिला परत इचारू नको." आणि मग तिनंच सांगितलं. माझ्या जन्माआधीची गोष्ट. तेव्हा मावशी नोकरीत होती, पण त्या हंगामात लांब रजेवर गावीच होती. यशोदा म्हणून एक बाई होती, तिनं चावी मावशीकडे दिली आणि नवऱ्याबरोबर तोडीला गेली. तिकडं उसाच्या फडातच तिचं पोरगं गेलं, तापानं. त्याला घेऊन ती गावी आली. आणि मावशीला चावी सापडेना. घरभर डबे पालथे घातले तरी सापडेना. यशोदा पोराला मांडीवर घेऊन स्वतःच्या बंद दारापुढं बसून राहिली. शेवटी लक्ष्मण आबांनी दगडानं कुलूप फोडलं. पोराची माती उरकल्यावर यशोदा जी गेली ती या गावात परत आलीच नाही. तेव्हापासून मावशी कुणाचीही चावी अंगावेगळी करत नाही. गाडी घेतली तशी गाडीच्या कडीत ओवायला लागली. ती जिथं, तिथं सगळ्यांची घरं.

तर ही गाडी मी तिच्याकडूनच शिकले. चावी अडली आणि मी जोर लावला की हातावर चापट बसायची. "सुई हाय ती, खिळा न्हाई! पेशंटला इचार आधी, कुठं दुखतंय." मग तिची पद्धत. डाव्या हातानं जुडगा खालून उचलून धरायचा, वजन चावीवर येऊ द्यायचं नाही. चावी पूर्ण आत घालायची आणि तांदळाच्या दाण्याएवढी मागे घ्यायची. स्टेअरिंग दोन्हीकडे हलवून बघायचं, ज्या बाजूला किंचित सैल वाटेल तिकडे दाबून धरायचं, आणि मग चावी अगदी हलक्या हातानं. तरी नाही झालं तर पेन्सिलीचं शिसं चावीला घासायचं. तेल अजिबात नाही. "तेलानं धूळ धरती. आन् मंग ती माझ्यावर रुसती." गाडी म्हणजे कायम 'ती'.

या हिवाळ्यात, दुपारची गोष्ट. मी ओट्यावर बसून मेथी निवडत होते. मावशी स्वतःच्या दारात आली आणि चौकटीला हात टेकवून शांतपणे म्हणाली, "पोरी, गाडी तू काढ. छाती जड झालीय. डावा हात बी." दुसऱ्या कुणाचं दुखणं सांगावं तसं.

मी चावी घेऊन बसले. ती शेजारी. आई मागे. मावशीनं डोळे मिटले, ओठ हलले, आम्ही आमेन म्हटलं. चावी फिरेना.

जुडगा उचलून धरला. फिरेना. स्टेअरिंग हलवलं, ते हलतच नव्हतं, दगडावर सगळा भार. लक्ष्मण आबा काचेवर थापा मारत ओरडायला लागले, "जोर लाव की गं! मर्दावानी जोर लाव!" मावशीचा चेहरा घामानं भिजलेला, तरी तिनं हात उचलून आबांना गप्प केलं. "आबा, सुई हाय ती. तुमी फुडून लोटा. दगडापासनं चाक सोडवा." आबांनी दोघांना हाक मारली, तिघांनी बॉनेटला खांदे लावून गाडी चढाला ढकलून धरली. आईनं पुढं वाकून जुडगा ओंजळीत घेतला. मी पेन्सिल घासली. परत घासली. घाईत चावीच कुलपात जाईना. मावशीनं तिचा गार हात माझ्या हातावर ठेवला. "घाई मला हाय. तुला न्हाई."

आणि मग फिरली.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलंही नाही. फाटा गेला, पेट्रोल पंप दिसायला लागला. जुडगा खळखळत होता. मी दुसऱ्या गिअरमध्येच दामटत होते. मावशी डोळे मिटून म्हणाली, "तिसरा टाक. रडतीय बघ ती." मी तिसरा टाकला. गाडीचा आवाज खाली आला आणि मी तिच्याकडे बघितलं, बरं वाटलं का म्हणून. तिची मान खिडकीकडे कललेली होती. दवाखाना समोरच दिसत होता.

मातीला कोण होतं? म्हातारी माणसं आणि आम्ही. ज्यांच्या चाव्या, ती सगळी फडात. कडेला कुणीतरी हळूच म्हणालंच, चावी येळेवर फिरली असती तर. डॉक्टर काही बोलले नव्हते. पण हे वाक्य गावात राहिलं.

आता तोडीवरून टोळ्या परत आल्या. चार दिवस झाले, आमच्या ओट्यावर जुडगा घेऊन आई बसलीय. तार पक्कडीनं तोडली. मावशीला हातानं कळायचं, आम्हाला काय कळणार? एकेकानं आपली ओळखायची, नाही ओळखली तर दाराला लावून बघायची. पहिल्या दिवशी एक काकू आल्या. त्यांना वाटेतच सगळं कळलं होतं. चावी मुठीत धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आमच्याच घरांनी खाल्ली गं म्हातारी." आईनं कडी फिरवून पुढची चावी काढली. कडी रोज हलकी होत गेली.

आज शेवटचं घर उघडलं. कडीत दोनच राहिल्या. एक गाडीची. आणि एक बारकी, गंजलेली, तिचे दातही गेलेले. मी विचारलं, "ही कुणाची?" आईनं ती हातात घेतली, अंगठ्यानं घासली आणि म्हणाली, "यशोदाची. नंतर सापडली असंल." म्हणजे जे कुलूप त्याच दिवशी दगडानं फोडलं, त्याची चावी! ती मावशीनं एवढी वर्षं सगळ्यांच्या चाव्यांत ओवून फिरवली, आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मी कडी उचलली आणि तशीच जाऊन गाडीत बसले; मातीच्या दिवसापासून ती तिथंच, चाक दगडाला टेकवून उभी. का, माहीत नाही. डोळे मिटले, एकटीनंच आमेन म्हटलं, चावी लावली. स्टेअरिंग हलवायच्या आधीच फिरली. यशोदाची चावी खाली नुसती झुलत होती, तिचं वजन ते किती असणार! पुढं काही झालं नाही. दिवा नाही, आवाज नाही. बॅटरी कधीच मेलीय. मी उतरले आणि पळत इकडे आले.

खरं सांगा, तुमच्या घरात आहे का हो अशी एखादी चावी? जिचं कुलूप केव्हाच गेलंय, आणि तरी कुणीतरी ती रोज सांभाळतंय? कधी विचारलंत का त्यांना, ती कुणाची म्हणून?