विहिरीचा आकडा आणि बाभळीत अडकलेला जिग

महागडा जिग घ्यावा की नाही, यावर मी कुणाशीही दोन तास भांडू शकतो. भांडलोही आहे. जिग म्हणजे शिशाची ओतीव मासोळी, तिला गळ जोडलेला. ती तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याला, बांधून तळापर्यंत सोडायची आणि रॉडच्या टोकानं खालीवर नाचवायची. रिटायर झालो तेव्हा मी जिग घरीच ओतायचो. परळीच्या रस्त्यावर टायरचं दुकान असलेला एक ओळखीचा माणूस होता, चाकाचा तोल साधायला लावतात ते शिशाचे जुने तुकडे तो मला डबाभर द्यायचा. परसात चूल मांडून मी ते वितळवायचो. माझे जिग दिसायला भाजलेल्या वांग्यासारखे, पाण्यात दगडासारखे सरळ खाली जायचे. मासे त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

मग मोबाइलवरून मागवलेला पहिला महागडा जिग आला. मी तो बादलीत सोडून बघितला. काय त्याचा रुबाब! खाली जाताना कलंडत होता, चमकत होता, थरथरत होता. लेकीची घरात राहिलेली लाल नेलपॉलिश घेऊन मी त्याचे डोळे रंगवले. बायको बाजूला उभी राहून बघत होती.

"एवढ्या पैशात सिरसाळ्याच्या बाजारातून महिनाभर मासे आले असते," ती म्हणाली. हिशेब बरोबर होता, म्हणून मी जिग पुसून पेटीत ठेवला.

तो जिग महिनाभरातच गेला. आमच्या धरणाच्या काठाला एक मोठा खडक आहे. त्याच्या पायथ्याशी लगेच खोल पाणी, आणि तळाशी धरण भरलं तेव्हा बुडालेली एक बाभळ. मासे तिच्यातच असतात, म्हणून मीही तिथंच बसतो, आणि जिगही तिथंच अडकतो. पहिला गेला तेव्हा बायकोला सांगितलं. मग गुपचूप नवा मागवत गेलो, त्याचेही डोळे तसेच लाल रंगवत गेलो. दुसरा गेला तेव्हा सांगितलं नाही. तिसरा गेला त्या दिवशी घरी येऊन नुसता पेपर तोंडासमोर धरून बसलो. चौथ्याचं खोकं नेमकं तिच्या हातात पडलं.

तिच्या लेखी तो दुसराच. तरीही घरात भांडण पेटलं. मला लवकर राग येतो आणि रागात मी काहीही बोलून बसतो. "हा हरवला तर रॉड माळ्यावर टाकीन," मी ओरडलो, "पुन्हा हात लावणार नाही!"

"ध्यानात ठिवते," ती म्हणाली. आमच्या लग्नात कुणी कोणतं लुगडं नेसलं होतं हेसुद्धा तिच्या ध्यानात आहे.

बोलून तर गेलो. सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात गेली. दिवसातून शंभर वेळा कुणीतरी काहीतरी विचारायला यायचं. रिटायर झालो आणि विचारणारे संपले. घरात मी नुसता या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसायचो, डाळीत मीठ किती घालावं यावरही मत द्यायचो. रविवारची धरणावरची ती एक सकाळ सोडली तर मी कुठं जावं असं काही उरलंच नव्हतं. ती सकाळही गेली असती तर मी काय केलं असतं, याची मला खरंच भीती वाटत होती.

त्या रविवारी तिला दिवसभरासाठी माहेरी न्यायचं होतं. तिचं माहेर धरणापासून मोटारसायकलवर दहा मिनिटांवर आहे. मी म्हटलं, वाटेत अर्धा तास थांबू. ती खडकावर पदर डोक्यावर ओढून बसली आणि मी नवा जिग सोडला. चौथ्यांदा का पाचव्यांदा उचलला तेव्हा हाताला मऊ ओढ लागली. मी जोरात झटका दिला आणि रॉड तिथंच वाकून राहिला. मासा नव्हता, बाभळ होती.

मग मी सगळे उपाय केले. तंगूस ढिला सोडला. ताणून बोटानं तारेसारखा छेडला. खडकाच्या या टोकाला गेलो, त्या टोकाला गेलो. बाभळीला जिगची किंमत थोडीच कळते? ती सगळ्यांना सारखंच धरते. शेवटी एकच उरलं, मनगटाला तंगूस गुंडाळून तोडायचं. मी बायकोकडे बघितलं नाही.

"थांबा," ती मागून म्हणाली. "तोडू नका. किती खोल हाय?"

"तीन परस असेल. तीन माणसं बुडतील एवढं."

"मंजी आमच्या विहिरीएवढंच." ती उठली, पदर खोचला. "त्यो तंगूस दगडाला बांधा आन चला घरी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्नाआधी ती अख्ख्या आळीची बादल्या काढणारी होती. कुणाची बादली विहिरीत पडली की हिला बोलावणं यायचं, आणि ही दोराला लोखंडी आकडा बांधून ती वर काढायची. एका कडीला चार वाकडे दात, असा तो आकडा. ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत होतो. पण घरोघरी नळ आले, बोअर झाले, आणि तिचं ते काम मी डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

तो आकडा तिच्या भावाच्या गोठ्यात खुंटीला टांगलेला होता. तिची भावजय हसून हसून खाली बसायची राहिली. "वन्सं, धरणात बादली पडली का काय?"

"बादली न्हाई, ह्यांची अब्रू पडलीय," बायको म्हणाली आणि दोर खांद्यावर टाकून गाडीवर बसली.

खडकावर परत आल्यावर मी एक शहाणपण केलं. आकड्याला दोरीची एक कडी बांधून ती तंगुसात ओवली, म्हणजे आकडा तंगुसाच्या वाटेनंच खाली जाईल. "हे बरं सुचलं," ती म्हणाली. तिच्या तोंडून असं वाक्य मी वर्षा-दोन वर्षांतून एकदा ऐकतो.

तिनं दोर सोडला. दोन बोटांत धरलेला, अगदी सैल. तळ लागला तशी तिनं मान तिरकी केली.

"ओढ की," मी म्हटलं.

"ओढायचं न्हाई, आधी इचारायचं." ती डोळे मिटून दोर जरा उचलायची, जरा सोडायची. "ही माती. ह्यो धोंडा. आता लाकूड... बारीक फांदी हाय. ही सोडते. ही बगा जाड. इथं बेचकं हाय." मग डोळे उघडून म्हणाली, "आता या. दोघांनी ओढायचं, सरळ वर, झटका न्हाई."

आम्ही ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी पाण्याखालून कडाड असा आवाज आला आणि आम्ही दोघंही मागं बसलो. मग काळीभोर, शेवाळलेली, हातभर लांब फांदी वर आली. तिला माझा नवा जिग लटकत होता, लाल डोळे अगदी शाबूत! मी खडकावर उभा राहून ओरडलो. या वयात इतक्या जोरात ओरडता येतं हे मलाच माहीत नव्हतं.

ती ओरडली नाही. ती फांदी फिरवून बघत होती.

"ह्यो आत्ताचा," ती म्हणाली. "ह्यो तुमी सांगितलेला." आणि तिसऱ्या जिगवर बोट ठेवलं. "मग ह्यो कुणाचा?"

"असेल कुणाचा तरी."

"त्याचे बी डोळे माज्याच लेकीच्या नेलपॉलिशीचे?"

मी सगळं कबूल केलं. आणखी एक अजून खालीच आहे, हेही सांगून टाकलं. ती रागावेल म्हणून मी वाट बघत होतो, पण तिनं फक्त हात पुढं केला. "द्या हिकडं ती काठी. बगू काय असतंय एवढं."

मी नवा जिग तंगुसाला पुन्हा नीट बांधून दिला. तिनं रॉड डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताची दोन बोटं तंगुसावर ठेवली, मघाशी दोरावर ठेवली होती तशीच. जिग बाभळीच्या बाजूनं उतरला. उचल, सोड. उचल, सोड. जी गोष्ट मी दोन वर्षं मोबाइलवर बघून शिकत होतो, ती तिच्या बोटांत आधीपासूनच होती. मला हेवा वाटला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

"ही माती," ती पुटपुटली. "हे लाकूड. आन हे..." ती थांबली. "अवो, हे तर जितं हाय!"

रॉड कमानीसारखा वाकला. मी "ढिलं सोड, ढिलं सोड" ओरडत होतो आणि ती माझं काही ऐकत नव्हती. अर्ध्या तासासाठी थांबलेली बाई, कंबर कसून उभी होती. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी मरळ खडकावर येऊन आपटली तेव्हा आम्ही दोघंही भिजलो होतो.

"बघितलंस?" मी म्हटलं. "महागाचा होता म्हणून लागला!"

"मग तुमाला दोन वरसं कावून न्हाई लागला?"

मी मुकाट्यानं मरळ उचलून आकड्याला अडकवली. तिच्या माहेरी आम्ही परत गेलो तेव्हा ती गाडीवर मागं बसून आकडा उंच धरून होती आणि आकड्याला मरळ लटकत होती. भावजय दारातच होती. तिला बायको फक्त एवढंच म्हणाली, "घे, बादली."

संध्याकाळी घरी आल्यावर मी स्वतःहून स्टूल आणला आणि माळ्याखाली ठेवला. जिग हरवला नव्हता, पण खोटं बोललो होतो, आणि शब्द म्हणजे शब्द. मी रॉड घेऊन स्टुलावर चढलो. मन जड झालं होतं.

ती हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "तिथं कशाला चढलात? पडाल." माझ्या हातातला रॉड काढून घेऊन तिनं तो दाराच्या कोपऱ्यात उभा केला. शेजारी भिंतीला आकडा टेकवला, तो तिनं माहेरी परत दिलाच नव्हता.

"एक अजून खाली हाय म्हणलात ना?" ती म्हणाली. "रविवारी किती वाजता निघायचं?"

कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला काहीतरी विचारलं होतं. मी स्टुलावरूनच सांगितलं, "सहाला."