डी ड्राइव्हची चोरी

ती डी ड्राइव्हची तक्रार मी अजून विसरलो नाही. चोरीला नेमकं काय गेलं, हेच रिपोर्ट घेताना मला कळत नव्हतं. मी शिकलेला कमी. पोलिसात शिपाई म्हणून भरती झालो, एएसआय होऊन रिटायर झालो. आमच्या हिंदी मुलखातल्या ठाण्यात कॉम्प्युटरला हात लिखापढी करणारा मुन्शीच लावायचा.

दुपारी एक मराठी काका आले. महाराजपूरला एकटेच राहायचे, फॅक्टरीतून रिटायर. म्हणाले, "साहेब, माझी डी ड्राइव्ह चोरीला गेली."

"केवढी होती?"

"केवढी म्हणजे? माझी बायको होती तिच्यात."

मुन्शी हसला. मी डोळे वटारले.

काकांची बायको त्या हिवाळ्यात वारली होती. मुलीला शिकता यावं म्हणून तिने स्वयंपाक करतानाचे व्हिडिओ काढून घेतले होते. मोबाइल काका धरायचे. मुलीला पाठवायचे राहूनच गेले. सगळे कॉम्प्युटरच्या 'डी'त होते. कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला, म्हणून अधारतालचा एक मेकॅनिक घरी येऊन विंडोज काढून दुसरी सिस्टीम टाकून गेला. नंतर काका पाहतात तर सी नाही, डी नाही. मेकॅनिकचा फोन बंद.

फोन बंद म्हटलं की पोलिसाला पहिला शब्द सुचतो, फरार. त्यात चौकातल्या पानवाल्याने खबर दिली, "साहब, वो तो यहीं खड़ा बोल रहा था, काकाजी का पुराना सब उड़ा दिया."

ठाण्यात 'उडवलं' म्हणजे चोरलं. मेकॅनिक बरगीला सासरी सापडला. तिथे नेटवर्क नव्हतं. शिपायांनी जेवणावरून उठवून आणला.

"तूने उड़ाया?" मी विचारलं.

"हाँ साहब, मैंने ही उड़ाया. सबका उड़ाता हूँ."

मुन्शीने पेन उचललं. जुर्म कबूल! पण मला पटेना. चोर कबूल करतो तेव्हा आधी दुसऱ्या दोघांची नावं घेतो, पाणी मागतो. हा तर दूधवाल्याने दूध घातलं म्हणावं तसं सांगून राहिला होता.

"उड़ा के रखा कहाँ?"

"रखा मतलब? साहब, विंडोज उड़ाया. मतलब मिटा दिया."

काकांनाही बोलावलं होतं. ते बाकावरून उठले आणि परत बसले. चोरलेलं परत आणता येतं. मिटवलेलं कोणत्या ठाण्यात मागायचं?

"अरे काकाजी, सी मिटाया! आपकी डी को हाथ नहीं लगाया."

"मग ती आहे कुठं?"

"वहीं है. इसमें ए-बी-सी-डी होता ही नहीं."

मी दोघांना जीपमध्ये घालून काकांच्या घरी नेलं. मेकॅनिकने पडद्यावर डाव्या बाजूला बोट ठेवलं. तिथे नाव नव्हतंच, नुसता आकडा आणि पुढे जीबी.

"हे तर मला रोज दिसून राहिलं," काका म्हणाले. "मला वाटलं, कंपनीचं काही असेल."

"यही तो डी है. क्लिक करो, पासवर्ड डालो, तब खुलेगी."

काकांनी एका बोटाने पासवर्ड टाकला. फायली उघडल्या. मेकॅनिकने पहिलीच लावली. कढई दिसली, बांगड्यांचा हात दिसला आणि आवाज आला, "अहो, मोबाइल मधात काहून आणून राहिले? सरका तिकडे!"

काका खुर्चीसकट मागे सरकले. "सरकलो," म्हणाले.

मेकॅनिक तोंड फिरवून बाहेर गेला. मीही गेलो.

मुन्शीने शेवटी लिहिलं, 'वस्तू फिर्यादीच्या घरीच मिळून आली.' मला त्यातून इतकंच कळलं की माणूस आपल्या धंद्याच्या भाषेत बोलतो आणि आपण आपल्या धंद्याच्या भाषेत ऐकतो. 'उडवलं'चा अर्थ विचारला नसता, तर एक बिनगुन्ह्याचा माणूस आत गेला असता. आणि दिसत नाही, ते गेलंच असं लिहू नये.

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "तूही काही बोलून ठेव मोबाइलमध्ये."

ती म्हणाली, "काहून? मी समोर आहे न. आत्ताच ऐका."

मागच्या वर्षी ती गेली. मोबाइल-कॉम्प्युटरच्या कोणत्याच डब्यात तिचा आवाज नाही, मी शोधतही नाही. समोर होती तोवर पुष्कळ ऐकलं. पुरलं नाही.