टायरवर टिकणारी रेघ

नवरा गेला आणि फ्लाइंग क्लबने त्याच्या जागी मला हंगामी म्हणून घेतलं. तो हँगरमध्ये मेकॅनिक होता. मी बी.एस्सी. होऊन घरात बसलेली. लोक म्हणायचे, बाई फार धीराची. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. सकाळी स्वयंपाक उरकायचा, सासूबाईंचं ताट झाकून ठेवायचं, तारनाक्याहून बस पकडायची, हँगरमध्ये सांगतील ते पुसायचं, रंगवायचं आणि परत यायचं.

त्यातलं एक काम माझ्याच गळ्यात होतं. छोट्या विमानाच्या चाकावर एक रेघ ओढतात, अर्धी टायरवर आणि अर्धी धातूच्या रिमवर. उतरताना ब्रेकच्या झटक्याने टायर रिमवरून सरकला की रेघेचे दोन तुकडे दोन जागी दिसतात. तो तसाच सरकत राहिला तर आतल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो, हवा जाते आणि विमान धावपट्टीवर वाटेल तिकडे ओढलं जातं. नवऱ्याने वापरलेला रंगाचा डबा संपला होता. मी आणलेल्या ऑइलपेंटचे आठवडाभरात पोपडे निघत. रबर दबतं, फुगतं, तो रंग बिचारा दबत नसे.

त्या वर्षांत नव्या खासगी विमान कंपन्या निघत होत्या, म्हणून पायलट व्हायला मुलंमुली रांग लावून येत आणि विमानं दिवसभर आपटत उतरत. आमचे मुख्य इंजिनिअर मला म्हणाले, "अम्मा, लाइन टिकती नै. टिकनेवाला रंग ढूंडो, नै तो मेरेकू दुसरा आदमी रखना पडता."

नोकरी गेली असती तर मी पुण्याला भावाकडे गेले असते आणि सासूबाई नणंदेच्या दारात. दोघींना ते ठाऊक होतं.

मी बेगम बाजारातली रंगाची दुकानं पालथी घातली. नंबरप्लेटचा रंग आणला, तोही तडकला. मग हँगरमध्ये कुणीतरी नेलपॉलिश सुचवलं. बांगड्यांच्या दुकानात तेव्हा तऱ्हेतऱ्हेच्या नव्या बाटल्या आल्या होत्या. टिकेल का, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "हात देओ अम्मा, लगाके दिखातूं." आमच्यात कपाळ मोकळं झालेल्या बाईने अशा वेळी हात मागे घ्यायचा असतो. मी पुढे केला. त्याने एका नखाला लालभडक रंग फासला. मला लाज वाटली नाही, रागही आला नाही.

टायरवर त्याला लगेच तडे गेले. नखावर मात्र तो घट्ट बसला. मी काढला नाही, काढायचं सुचलंच नाही. सासूबाईंनी ते पाहिलं. शेजारीण आली तेव्हा त्यांनी घाईघाईने माझ्यापुढे कणकेची परात सरकवली.

शेवटी कुकटपल्लीच्या एका लहान कारखान्यात पोहण्याच्या तलावांना लावतात तो रबराचा रंग मिळाला. टायर आणि रिम स्पिरिटने पुसून, वाळवून मी रेघ ओढली. ती उन्हात टिकली, पावसातही टिकली.

एका सकाळी एक शिकाऊ मुलगी पहिल्यांदाच एकटी उडणार होती. मी वाकून चाक पाहिलं तर टायरवरचा तुकडा बोटभर पुढे गेलेला, रंग अगदी शाबूत. विमान थांबवलं. चाक उघडलं, तर व्हॉल्व्ह पार वाकलेला. दिवस हुकला म्हणून ती मुलगी माझ्यावरच डाफरली. मला तिचा राग आला. कितीतरी दिवसांनी मला कुणाचा तरी राग आला होता.

मुख्य इंजिनिअरांनी त्याच आठवड्यात मला कायम केलं.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, "कायम म्हणजे?"

"म्हणजे आता मला कुणी काढणार नाही, आई. आपल्याला कुठेही जायला नको."

देवापुढे साखर ठेवायला उठतील असं मला वाटलं. त्या उठल्या नाहीत.

"म्हणजे ती नोकरी आता त्याची राहिली नाही?"

"नाही. माझी झाली," मी म्हणाले. मग तो गेल्यानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघी एकमेकींसमोर रडलो.