दोन्हीकडून लाल उजेड

नागासाकीच्या टेकडीवरच्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर इवाकिरी राहतात. जन्मभर त्यांनी जमिनीवरच्या जाड गवती चटया शिवल्या. त्यात बोटं बधिर झाली, आणि आता कानही जाऊ लागले होते.

नात मियो ओसाकाला शाळेच्या गानवृंदात आहे. त्या रविवारी दुपारी तिचं गाणं टीव्हीवर होतं, एकदाच. कान पुरते जाण्याआधी ते ऐकायचं, एवढाच त्यांचा ध्यास. टीव्हीचा आवाज पुरेना, म्हणून वारलेल्या भावाचा ॲम्प्लिफायर आणि मोठे स्पीकर त्यांनी काढले. पण टीव्हीतून आवाज निघायचा तो लाल उजेड होऊन एका केबलमधून, आणि ॲम्प्लिफायरला हवी साधी तांब्याची तार. मधे जोडून एकाचं दुसऱ्यात बदलणारं एक खोकं त्यांनी दुकानातून आणलं, आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद केला. मग रीतीप्रमाणे जिन्यातल्या प्रत्येक घरी टॉवेल देऊन गोंगाटाची आगाऊ माफी मागितली.

“उद्या दुपारी जरा छळणार आहे तुम्हाला.”

“छळा हो. सून रोजच छळते, त्यापेक्षा गाणं बरं,” तळमजल्यावरच्या नुमाताबाई म्हणाल्या.

रविवारी मी मुलीकडे होते. सोमवारी परतले तर स्पीकर जिन्याखाली, वर मोठा कचरा उचलून न्यायची नगरपालिकेची चिठ्ठी, आणि शेजारी इवाकिरी.

“अहो, हे काय?”

“कान गेले, बाई. मियोचं तोंड हलत होतं, मला काही नाही. स्पीकरला हात लावला, बोटांनाही काही नाही.”

“तार चुकली असेल,” मी ओरडून म्हटलं.

“तुमचं ओरडणं तेवढं कळतं. गाणं गेलं. नुमाताबाई म्हणाल्या ना, काय गोड आवाज हो नातीचा, घरभर ऐकू आला. वरचेही तेच म्हणाले.”

मी त्यांच्याबरोबर वर त्यांच्या घरी गेले. खोकं अजून टीव्हीला लटकत होतं. खोक्यातून केबल काढली. तिच्या टोकातून लाल उजेड येत होता, आणि खोक्याच्या भोकातूनही. दोघं देणारेच, घेणारं कोणी नाही. खोकं उलट्या कामाचं निघालं, तारेतला आवाज उजेडात बदलणारं.

“आवाज आलाच नव्हता. तुमचे कान अजून गेलेले नाहीत.”

त्यांनी केबलचं टोक तळहातावर धरून लाल ठिपका पाहिला. “म्हणजे नुमाताबाई खोटं बोलल्या?”

टॉवेल घेतल्यावर त्या दुसरं काय बोलणार होत्या?

“आणि वरचे? अख्ख्या जिन्याला खोटं पाडू? राहू दे. बहिराच बरा मी.”

दुसऱ्या दिवशी गाडी येऊन सगळं घेऊन गेली. मियोचा फोन आता ते उचलत नाहीत.

परवा जिन्यात माझी किल्ली हातातून पडली. पुढे चाललेले इवाकिरी झटकन वळले. मग मला पाहून, काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने पायऱ्या उतरू लागले.